ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘शिकतो’ म्हणजे काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रायव्हर, गाडीमालक आणि ऑटोमॅटिक गाड्यांवर नव्याने काम करू लागलेले मिस्त्री यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅडाप्टिव्ह गिअरबॉक्स म्हणजे काय? साध्या ऑटोमॅटिकपेक्षा तो वेगळा कसा?

जुन्या हायड्रॉलिक ऑटोमॅटिकमध्ये गिअर कधी बदलायचा हे गव्हर्नर, स्प्रिंगा आणि तेलाचा दाब मिळून ठरवत. कारखान्यातून जसं जुळवून आलं तसंच ते चालायचं. क्लच झिजले की झटका वाढायचा आणि कोणी उघडून जुळवेपर्यंत तो तसाच राहायचा. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं तेव्हा हे काम एका कंट्रोलरकडे गेलं. त्याला टीसीएम म्हणतात. टीसीएम प्रत्येक शिफ्ट (गिअरबदल) मोजतो, ती हवी तशी झाली का ते ताडून पाहतो आणि पुढच्या वेळी दाब किंवा वेळ किंचित बदलतो. हा बदल मेमरीत लिहून ठेवला जातो. असा गिअरबॉक्स म्हणजे अ‍ॅडाप्टिव्ह.

२. सगळ्या ऑटोमॅटिक ट्रकांत एकाच जातीचा गिअरबॉक्स असतो का?

नाही, आणि हे आधी माहीत करून घ्या, कारण पुढची निम्मी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. एका जातीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलातून ओढ पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, आत प्लॅनेटरी गिअर आणि तेलाच्या दाबावर चालणारे क्लचपॅक. अ‍ॅलिसनची ३००० आणि ४००० मालिका या जातीची आहे. पिकअप ट्रकांमधले बहुतेक ऑटोमॅटिकही याच जातीचे. दुसरी जात एएमटी. आतून हा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, तसाच कोरडा क्लच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हवेवर किंवा विजेवर चालणारे अ‍ॅक्च्युएटर करतात. झेडएफचा एएस ट्रॉनिक, २००१ मध्ये आलेला व्होल्वोचा आय-शिफ्ट, स्कॅनियाचा ऑप्टिक्रूझ हे सगळे एएमटी.

ओळखायची सोपी खूण: समोर क्लचचं पेडल दोन्हींत नसतं, पण एएमटी गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटलेली जाणवते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात ती सहसा तुटत नाही.

३. हा गिअरबॉक्स माझी गाडी चालवायची सवय शिकतो का? महिनाभर हळू चालवलं तर तो ‘हळू’ होतो असं ऐकलंय.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही यातच आहेत. ‘शिकणं’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी चालतात आणि प्रत्येकीचं आयुष्य वेगळं असतं.

पहिली गोष्ट काही सेकंदांची. तुम्ही पेडल किती दाबलंय आणि किती झपाट्याने दाबलंय ते टीसीएम सतत पाहतो. सावकाश दाबलंत तर तो लवकर वरचा गिअर टाकतो. एकदम दाबलंत तर गिअर धरून ठेवतो किंवा एक-दोन खाली येतो. काही प्रणाली गेल्या थोड्या वेळातलं पेडल, ब्रेक आणि वेग यांवरून ‘सध्याचा ड्रायव्हर घाईत आहे’ असा अंदाज बांधतात आणि शिफ्टचे आकडे थोडे सरकवतात. तुम्ही शांत झालात की हा अंदाजही उतरतो.

दुसरी गोष्ट एका फेरीपुरती असते. गाडीत किती माल आहे, रस्ता किती चढाचा आहे, याचे हिशेब त्यात येतात (प्रश्न ६).

तिसरी गोष्ट महिनोन् महिने टिकते. ती मात्र तुमच्याबद्दल नसतेच. क्लच किती झिजलाय, कोणता व्हॉल्व्ह किती तत्पर आहे, पिस्टन कितीशा तेलात भरतो, अशा स्वतःच्या अंगाच्या नोंदी टीसीएम जपून ठेवतो (प्रश्न ४ आणि ५).

म्हणून ‘महिनाभर हळू चालवलं आणि गाडी आळशी झाली’ ही तक्रार आली, की मी आधी एअर फिल्टर, टर्बोचे होज आणि डिझेल फिल्टर बघायला सांगतो. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या स्वभावाची महिनाभराची वही ठेवण्याची रीत नाही. उलट काही प्रणाली सवयीच्या विरुद्ध जातात. अ‍ॅलिसनच्या फ्युएलसेन्समध्ये प्रवेग मर्यादित ठेवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर रिकाम्या गाडीत तुम्ही पेडल तळाला नेलंत तरी टीसीएम इंजिनाकडून तेवढा टॉर्क मागतच नाही. डिझेल वाचवायला मालकाने ती सोय चालू करून घेतलेली असते आणि ड्रायव्हरला वाटतं, गिअरबॉक्सने आपल्यावर डूख धरलाय.

४. टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स क्लच कसा ‘शिकतो’? जरा आतलं सांगा.

दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना एक क्लचपॅक सुटतो आणि दुसरा धरतो. धरणाऱ्या क्लचच्या पिस्टनमागची पोकळी आधी तेलाने भरावी लागते, पिस्टनला स्प्रिंग दाबून प्लेटींपर्यंत यावं लागतं, तेव्हा कुठे पकड सुरू होते. हे भरणं सेकंदाच्या एका अंशात उरकतं. सगळा खेळ याच अंशाचा आहे.

तेल कमी भरलं तर जुना क्लच सुटून गेलेला असतो आणि नवा अजून पोचलेला नसतो. मध्ये इंजिनाला ओझं राहत नाही, आरपीएम उसळतो. यालाच फ्लेअर म्हणतात. जास्त भरलं तर नवा क्लच जुना सुटायच्या आधीच धरतो. दोन गिअर एकाच वेळी लागू पाहतात, गाडी अडखळते, मागून कोणी ढकलल्यासारखा धक्का बसतो.

टीसीएमकडे टर्बाइनचा वेग मोजणारा सेन्सर असतो आणि आउटपुट शाफ्टचा वेग मोजणारा दुसरा. नव्या क्लचने पकड घेतली की टर्बाइनचा वेग उतरू लागतो. हा उतार अपेक्षेआधी सुरू झाला तर भरणं जास्त झालं, उशिरा सुरू झाला किंवा आधी वेग वर गेला तर कमी. चालू शिफ्टमध्ये जेवढं सावरता येईल तेवढं तो सावरतोच, पण खरी दुरुस्ती पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो. एकाचा दोन, दोनाचा तीन, तीनाचा चार, आणि परत खाली येताना प्रत्येक, अशी शिफ्टनिहाय नोंद असते. त्यातही कमी पेडल आणि जास्त पेडल यांचे कप्पे वेगळे.

अ‍ॅलिसन या शिकण्याचे दोन वेग सांगते. नव्या किंवा रिसेट केलेल्या गिअरबॉक्समध्ये एकेका शिफ्टनंतर मोठ्या दुरुस्त्या होतात. हा जलद टप्पा. आकडे जवळ येत गेले की तोच कप्पा संथ टप्प्यात जातो आणि पुढे वर्षानुवर्षं झिजेमागे बारीक बारीक पावलं टाकत राहतो.

तेल थंड असताना किंवा पेडल मध्येच हललं तर टीसीएम ती शिफ्ट सहसा शिकायला घेत नाही. थंड तेल घट्ट असतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष गरम गाडीला लागू पडणार नाही.

५. मग एएमटीमध्ये शिकण्यासारखं काय असतं?

मुख्य म्हणजे क्लच नेमका कुठे धरू लागतो ती जागा. मॅन्युअल गाडीत तुमचा डावा पाय हेच शिकलेला असतो. प्लेट झिजेल तशी ही जागा सरकते आणि कंट्रोलर तिचा पाठलाग करतो. ती चुकली तर गाडी उठताना धक्का बसतो, किंवा क्लच गरज नसताना घासत राहतो. याशिवाय गिअर टाकणारा अ‍ॅक्च्युएटर प्रत्येक गिअरला किती सरकला की गिअर पूर्ण बसतो, याचीही नोंद असते.

६. गाडी भरलेली आहे की रिकामी, हे त्याला कसं कळतं? आम्ही तर कुठे वजन टाकत नाही.

इंजिन किती टॉर्क देतंय हा आकडा गाडीच्या डेटा लाइनवर, ट्रकमध्ये सहसा जे१९३९ पद्धतीने, सतत फिरत असतो. कोणता गिअर लागलाय हे माहीत, चाकाचा घेर माहीत, म्हणजे चाकाशी किती ओढ पोचतेय ते काढता येतं. तेवढ्या ओढीत गाडीने वेग किती घेतला ते आउटपुट सेन्सर सांगतो. ओढ भागिले प्रवेग, म्हणजे वजन.

अडचण एवढीच की चढावरची हलकी गाडी आणि सपाटीवरची भरलेली गाडी या हिशेबात सारख्या दिसतात. त्यावर एक उपाय चढ मोजणाऱ्या सेन्सरचा. एएमटीत दुसराही उपाय आहे आणि मला तो फार आवडतो. गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते. त्या क्षणात गाडी किती मंदावली आणि ओढ परत जोडल्यावर किती उचलली, या दोन्हींतला फरक घेतला की चढ आणि टायरांचा विरोध दोन्ही बाजूंना सारखे असल्यामुळे वजा होतात. उरतं ते वजन.

यावरूनच एक ठरतं: माल भरल्यावर पहिल्या दोन-चार शिफ्टपर्यंत कंट्रोलर अंदाजावरच चालतो. गाडी उभी करून माल उतरवलात आणि किल्ली बंद न करता निघालात, तर काही गाड्या सुरुवातीला अजून भरलेल्याच समजून चालतात. बारा गिअरचा एएमटी रिकामा असेल तेव्हा बरेचदा तिसऱ्या-चौथ्यातून उठतो आणि भरलेला खालच्या गिअरमधून. चुकीच्या गिअरमधून उठतोय असं दिसलं तर पहिला गिअर हाताने निवडा. पुढचं तो सांभाळतो.

७. गाडी नवी आहे (किंवा गिअरबॉक्स नुकताच दुरुस्त होऊन आलाय) आणि शिफ्ट टणक बसतात. वाट पाहू का परत नेऊ?

थोडी वाट पाहा, पण नीट चालवून. तेल चालू तापमानाला येऊ द्या. मग मोकळ्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीपासून सुरुवात करून पेडल एका जागी स्थिर धरत वरच्या गिअरपर्यंत न्या, पाय काढून गाडी हलक्या ब्रेकने थांबेपर्यंत येऊ द्या. हे काही वेळा करा, आधी हलक्या पेडलवर, मग निम्म्यावर. अशा शिफ्ट टीसीएमला वाचायला सोप्या जातात. फक्त गर्दीत चालणारी गाडी वरच्या गिअरचे कप्पे कधी पुरते भरतच नाही. मग हमरस्त्यावर आली की अचानक पाचव्या-सहाव्याला धक्के सुरू होतात आणि मालक घाबरतो.

एखादीच शिफ्ट दिवसेंदिवस तशीच टणक राहिली, किंवा झटक्यासोबत दिवा लागला, तर वाट पाहू नका. गिअर जितके जास्त तितके शिकायचे कप्पे जास्त, म्हणून दहा गिअरच्या नव्या पिकअपला सहा गिअरवाल्यापेक्षा जास्त वेळ लागला तर नवल नाही.

८. आमच्या गाडीवर दोन पाळ्यांत दोन ड्रायव्हर आहेत. एक धसमुसळा आहे. त्याच्यामुळे दुसऱ्याला त्रास होतो का?

पेडलवरून होणारा अंदाज थोड्या वेळात निवळतो (प्रश्न ३), त्यामुळे तेवढ्यापुरता त्रास नाही. खरा वाटा झिजेचा. चढावर ब्रेक न लावता एएमटीला अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवय क्लच जाळते, आणि तो जळलेला क्लच दोघांनाही वापरावा लागतो.

९. बॅटरी काढली की शिकलेलं सगळं पुसलं जातं का?

हल्लीच्या बहुतेक ट्रकांत नाही. नोंदी वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतात. काही जुन्या पिकअपमध्ये त्या बॅटरीच्या वीजेवरच तग धरत आणि केबल सोडली की जात. तिथे दोन-तीन दिवस शिफ्ट विचित्र लागणं अपेक्षित आहे.

यातली धोक्याची गोष्ट वेगळीच आहे: बॅटरीचा मेन स्विच घाईने बंद करणं. किल्ली बंद केल्यावर कंट्रोलर त्या फेरीतल्या नोंदी लिहून घेत असतो. अ‍ॅडब्लूच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाच्या) नळ्याही तेव्हाच रिकाम्या होत असतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ जाऊ द्या, मग स्विच पाडा. रोज रात्री किल्लीबरोबरच स्विच पाडणाऱ्याची गाडी सकाळी पुन्हा कालच्याच जुन्या आकड्यांवर उठू शकते.

१०. दर सर्व्हिसला शिकलेलं रिसेट करून घ्यावं का? एका मिस्त्रीने ‘गाडी मोकळी होते’ असं सांगितलं.

करू नका. रिसेट म्हणजे झिजलेल्या क्लचला नव्या क्लचचे आकडे देणं. जुळलेलं बिघडतं आणि परत जुळेपर्यंतचे झटके क्लचनेच सोसायचे. रिसेट करायची वेळ म्हणजे आतलं काही बदललं ती: क्लचपॅक, सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी, एएमटीत क्लच प्लेट किंवा अ‍ॅक्च्युएटर. तेव्हा मात्र ते टाळून चालत नाही. झिजलेल्या क्लचसाठी वाढवलेलं भरणं नव्या क्लचला दिलं, की प्रश्न ४ मधला दोन गिअर भिडण्याचा प्रकार पहिल्याच फेरीत होतो.

११. चढावर तो सारखा एक गिअर वर, एक खाली करत राहतो. अजून शिकला नाही का?

हे बहुतेकदा न शिकण्याचं लक्षण नसतं. वरच्या गिअरमध्ये ताकद जरा कमी पडते, खालच्यात जरा जास्त होते, आणि पेडल मधल्या जागी आहे. म्हणून तो दोन्हींमध्ये झुलतो. पेडल थोडं पुढे किंवा मागे सरकवून तिथेच ठेवा, नाहीतर हाताने गिअर धरा. पॉवर मोड असेल तर तो चढापुरता लावा. सपाट रस्त्यावर हेच होत असेल तर वजनाचा किंवा चढाचा अंदाज चुकतोय, सेन्सर तपासा.

१२. इकॉनॉमी आणि पॉवर बटणाने शिकण्यात फरक पडतो का?

क्लचच्या नोंदींत नाही. बटण शिफ्ट कोणत्या आरपीएमला व्हावी ते बदलतं, ती कशी व्हावी हे शिकणं खाली तसंच चालू राहतं. मात्र काही प्रणालींत हे बटण जवळजवळ निरर्थक झालंय. अ‍ॅलिसनच्या डायनॅक्टिव्ह शिफ्टिंगमध्ये ठरावीक तक्त्याऐवजी वजन, चढ आणि वेग पाहून शिफ्टची वेळ त्या त्या क्षणी काढली जाते.

१३. उतारावर मी काही न करता तो खालचा गिअर टाकतो. का?

तुम्ही ब्रेक दाबला, रिटार्डर किंवा एक्झॉस्ट ब्रेक चालू आहे आणि तरी वेग वाढतोय, हे त्याने पाहिलं. आरपीएम चढवला की इंजिन ब्रेकची धार वाढते. हा शिकलेला प्रकार नसून प्रोग्रॅममध्येच असतो. त्याच्याशी भांडू नका.

१४. काही ट्रक पुढचा चढ येण्याआधीच तयारी करतात. तेही शिकणंच का?

इथे शिकणं रस्त्याचं आहे. व्होल्वोच्या आय-सीची सुरुवातीची आवृत्ती गाडी एकदा गेलेला रस्ता उंचसखलासह लक्षात ठेवायची आणि दुसऱ्या खेपेला वापरायची. स्कॅनिया आणि मर्सिडीजच्या प्रणाली जीपीएस व नकाशातला चढ-उतार वाचतात, त्यांना पहिली खेपही पुरते. माथा जवळ आला की या गाड्या खालचा गिअर टाकायचं टाळतात, माथ्यावर इंधन आधीच कमी करतात. त्या क्रूझ कंट्रोल चालू असतानाच हे करतात. पाय पेडलवर ठेवून चालवणाऱ्याला यातलं फार थोडं मिळतं. ही सोय पैसे देऊन घेतलेली असते आणि अनेक जण ती वापरतच नाहीत.

१५. तेल बदललं आणि शिफ्ट बिघडली. नवीन तेलाने शिकलेलं पुसलं का?

पुसलं नाही, पण आकडे ज्या तेलावर जुळले होते ते तेल आता नाही. योग्य प्रतीचं तेल असेल तर थोड्या चालण्यात फरक मिटतो. चुकीचं असेल तर मिटणार नाही, कारण क्लचची पकड तेलातल्या घर्षणाच्या गुणांवर ठरते. अ‍ॅलिसनसाठी डब्यावर टीईएस २९५ किंवा त्यानंतरची टीईएस ६६८ ही मान्यता बघा. ‘ऑटोमॅटिकचं आहे’ एवढं पुरत नाही. पातळीही तपासा, आणि ती गरम तेलावर: अ‍ॅलिसन सुमारे ७१ ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान मोजायला सांगते. कमी तेलात पंप हवा ओढतो आणि जादा तेल घुसळून फेसाळतं. फेसाने क्लच भरला तर टीसीएम काय शिकणार?

१६. गिअरबॉक्स उघडून पाहिला, सगळं ठीक, तरी झटके. आता काय?

इंजिनाकडे बघा. टीसीएम क्लचचा दाब ठरवतो तो इंजिनाने कळवलेल्या टॉर्कवरून. टर्बोचा होज फाटलाय, ताकद निम्मी येतेय, पण इंजिनाचा हिशेब पूर्ण ताकदीचा आहे. मग दाब जास्त आणि झटका मोठा. कमकुवत माउंटिंग, सैल झालेला प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस यांनीही असाच आवाज आणि धक्का येतो. नको तिथे गिअरबॉक्स उघडले जातात ते यामुळे. क्रम माझ्या मते असा असावा: बिघाडाचे कोड वाचा, तेल बघा, इंजिन बघा, शाफ्ट हलवून बघा, आणि मग हवं तर पाने काढा.

टायरचा आकार बदलला असेल तर तोही कंट्रोलरमध्ये भरून घ्या, नाहीतर वेग आणि वजन दोन्हींचा हिशेब त्या प्रमाणात चुकतो.

१७. शिकण्याला काही शेवट असतो का? किती झीज तो झाकून नेईल?

शेवट असतो. प्रत्येक कप्प्याला वरची आणि खालची मर्यादा घातलेली असते. ती गाठली की पुढे दुरुस्ती होत नाही, कोड पडतो किंवा क्लच सरकू लागतो. इथेच अ‍ॅडाप्टिव्हपणाची एक गैरसोय आहे, जी विकताना कोणी सांगत नाही: जुन्या गिअरबॉक्समध्ये झटका हळूहळू वाढून आधीपासून सूचना द्यायचा. हा शेवटपर्यंत गुळगुळीत चालतो आणि मग एका महिन्यात बसतो.

म्हणून जुनी गाडी घेताना नुसती चालवून पाहू नका. स्कॅनर लावून शिकलेले आकडे आणि एएमटीत क्लचची झीज वाचून घ्या. अ‍ॅलिसनच्या चौथ्या पिढीच्या कंट्रोलपासून सिलेक्टरवरच तेल, फिल्टर आणि क्लचची स्थिती पाहता येते. पान्याचं चिन्ह दिसलं तर यांपैकी एकाची वेळ झालीय. चाचणीच्या आदल्या दिवशी कोणी रिसेट मारलेला असेल तर आकडे कोरे दिसतील. बरीच चाललेली गाडी आणि कोरे आकडे हे एकत्र दिसले तर कारण विचारा.

१८. टँकर आहे. निम्मा भरलेला असताना गिअर वेड्यासारखे टाकतो. सेटिंग होतं का?

आतला द्रव पुढे-मागे लाटा घेतो आणि दर लाटेला गाडीचा वेग इंजिनाशी संबंध नसताना कमी-जास्त होतो. प्रश्न ६ मधला वजनाचा हिशेब त्यामुळे डळमळतो. एएमटीत तर ओढ तुटलेल्या क्षणीच लाट मागून आदळते. टँकर म्हणून कंट्रोलरचा प्रोग्रॅम वेगळा भरता येतो का ते अधिकृत सर्व्हिसला विचारा. तोवर निम्म्या भरलेल्या गाडीत उठतानाचे आणि चढावरचे गिअर हाताने टाका, पेडल सावकाश हलवा.

१९. दुसऱ्या ट्रकमधला वापरलेला गिअरबॉक्स बसवला, टीसीएम आमचाच ठेवला. चालेल?

यांत्रिकदृष्ट्या जुळत असेल तरी आधीचे आकडे ठेवून चालवू नका. ते तुमच्या उतरवलेल्या गिअरबॉक्सच्या क्लचचे होते, या नव्या पाहुण्याचे नाहीत. रिसेट करा आणि प्रश्न ७ प्रमाणे चालवा. उलट केलं, म्हणजे गिअरबॉक्स तुमचा आणि टीसीएम दुसऱ्या गाडीचा, तर नुसत्या रिसेटने भागत नाही. त्या टीसीएममध्ये इंजिनाचा टॉर्क, डिफरन्शियलचं प्रमाण, टायर, पीटीओ (गिअरबॉक्सवरून इतर यंत्रं चालवणारा जोड) हे सगळं त्या गाडीचं भरलेलं असतं. तुमच्या गाडीचा प्रोग्रॅम त्यात घालून घ्यावा लागतो. काही पिकअपमध्ये कंट्रोलर गिअरबॉक्सच्या आतच, व्हॉल्व्ह बॉडीला जोडलेला असतो. तिथे गिअरबॉक्ससोबत दुसऱ्या गाडीचा कंट्रोलरही येतो, त्यामुळे गाडी हलवण्याआधी प्रोग्रॅम भरायची सोय हाताशी आहे का ते पाहून मगच तो विकत घ्या.